कंठमण्याच्या वर, किंचित उजवीकडे

प्रौढ माणसाचा खोकला आठ आठवड्यांहून अधिक काळ टिकला, की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणते. सर्दी-तापानंतर मागे राहिलेला खोकला बहुतेकांच्या बाबतीत तेवढ्या काळात आपोआप ओसरतो आणि त्यापुढेही जो हटत नाही त्याचे कारण शोधावे लागते, एवढाच या मर्यादेचा अर्थ आहे. माझ्या खोकल्याने ती कधी ओलांडली हे मला नेमके सांगता येणार नाही, कारण एका साध्या सर्दीच्या शेपटाला धरून तो आला आणि सर्दी संपल्याचे कोणाच्या लक्षात येण्याआधीच घरात रुळला. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते असे म्हणतात. हे दुखणे येतानाही मुंगीच्याच पावलांनी आले होते.

तो कोरडा होता. कफ नाही, ताप नाही, धाप नाही, छातीत घरघर नाही. गळ्यात, कंठमण्याच्या थोडे वर, एका ठरावीक जागी खवखव सुरू होई, काहीतरी अडकल्याची जाणीव होई, गिळून ती जात नसे आणि काही क्षणांतच तिची उबळ होई. एकदा ढास लागली की डोळ्यांत पाणी येऊन चेहरा लाल होईपर्यंत थांबणे नाही. बोलणे, हसणे, गरम खोलीतून थंड हवेत जाणे, शेजारून गेलेल्या माणसाच्या अत्तराचा वास, यांपैकी काहीही पुरेसे असे. फोनवर बोलताना तर हमखास. माझे काम शिकवण्याचे आहे, म्हणजे दिवसाचे कितीतरी तास मोठ्याने बोलण्याचे. त्यामुळे ज्या गोष्टीवर पोट अवलंबून तीच गोष्ट खोकल्याला आमंत्रण देत होती. वाक्य कुठे तोडायचे हे अर्थावरून न ठरता गळ्यावरून ठरू लागले आणि वर्गातल्या मुलांना माझ्या वाक्यांचे हे नवे व्याकरण माझ्याआधी पाठ झाले.

खोकल्याने कोणी मरत नाही, असे धीर देण्यासाठी पुष्कळांनी सांगितले. खोकताना शरीरात काय घडते हे पाहिले, की या धीराची किंमत कळते. आधी खोल श्वास आत घेतला जातो, मग स्वरयंत्र सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ घट्ट मिटते, मिटलेल्या दाराआड छातीचे आणि पोटाचे स्नायू दाब वाढवत नेतात आणि दार एकदम उघडून हवा बाहेर फेकली जाते. हे दिवसातून शेकडो वेळा, महिनोन्‌महिने चालले तर बरगडीला तडा जाऊ शकतो, ढास लागता लागता शुद्ध हरपू शकते, आणि बायकांच्या बाबतीत ज्याबद्दल मैत्रिणीशीही मोकळेपणाने बोलले जात नाही ते घडते: खोकल्याबरोबर लघवी सुटते. असा हट्टी खोकला पन्नाशीच्या आसपासच्या बायकांमध्ये अधिक आढळतो, हे जगभरच्या खोकल्याच्या दवाखान्यांचे निरीक्षण आहे. तरीही तपासणीच्या खोलीत हा प्रश्न मला आपणहून विचारणारे डॉक्टर फार उशिरा भेटले. त्याआधीच्यांनी माझी छाती ऐकली.

छाती ऐकणे चूक नव्हते. जुनाट खोकल्याचा शोध एका क्रमाने घ्यावा लागतो आणि तो क्रम कंटाळवाणा असला तरी त्यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही, असे माझे आजही ठाम मत आहे. छातीचा एक्स-रे, क्षयाची शंका असेल तर थुंकीची तपासणी, फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, गरज पडल्यास सीटी स्कॅन. खोकल्यातून रक्त पडणे, वजन घटणे, रात्री घाम फुटणे, धूम्रपानाचा इतिहास यांपैकी काही असेल तर विशेष सावधगिरी. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे पाहावी लागतात, कारण एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो आणि गोळी बदलल्यावर तो काही आठवड्यांत थांबतो. त्यानंतर तीन नेहमीचे संशयित येतात: नाकामागून घशात उतरणारा स्राव, केवळ खोकल्याच्या रूपात दिसणारा दमा आणि जठरातून वर येणारे आम्ल. माझ्या वाट्याला नाकाचा फवारा, तोंडाने ओढायचा पंप आणि पित्ताच्या गोळ्या हे सगळे आले, पुरेसा वेळ दिला गेला, आणि प्रत्येक अहवालाखाली तोच शब्द होता: नॉर्मल.

निरोगी माणसाला हा शब्द ऐकून हायसे वाटते. आजाऱ्याला तो वेगळा ऐकू येतो. अहवाल नॉर्मल, म्हणजे खोकला खरा नाही, म्हणजे सवय, ताण, मनाचे काहीतरी, असा एक निष्कर्ष कोणी उघड न बोलताही खोलीत येऊन बसतो. घरातल्यांच्या चेहऱ्यावर तो दिसतो आणि काही दिवसांनी आपणही त्याला दुजोरा देऊ लागतो. खरे तर इतक्या सगळ्या तपासण्या निर्दोष येणे हाही एक शोधच असतो. दोष फुप्फुसांत नाही, नाकात नाही, जठरात नाही, असे ठरले, तर मग या सगळ्यांची खबर मेंदूकडे नेणाऱ्या तारेकडे पाहायला हवे. तिथपर्यंत पोचणारे डॉक्टर कमी आहेत, हे मात्र अनुभवाने सांगते.

ती तार म्हणजे व्हेगस नावाची नस. कवटीच्या तळातून ती दोन्ही बाजूंनी बाहेर पडते, मानेतून मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सोबतीने खाली उतरते आणि स्वरयंत्र, श्वासनलिका, हृदय, फुप्फुसे, अन्ननलिका, जठर अशा सगळ्यांना फाटे देत पोटापर्यंत जाते. तिचा एक बारीक फाटा कानाच्या नळीतही आहे. म्हणून काही लोकांना कान साफ करताना खोकला येतो. निरोगी माणसांत शंभरात दोन-चारांना हे होते आणि जुनाट खोकला असलेल्यांत हे प्रमाण बरेच जास्त सापडते. मला ते लहानपणापासून नव्हते, खोकला जडल्यानंतर सुरू झाले होते. डॉक्टरांनी विचारेपर्यंत कान आणि खोकला यांचा संबंध जोडण्याचे मला सुचण्याचे कारणच नव्हते.

विषाणूच्या संसर्गात ही नस दुखावली जाऊ शकते आणि संसर्ग गेल्यावरही तिचा हळवेपणा जात नाही, अशी आजची समजूत आहे. राखणदार कुत्र्याने चोरावर भुंकणे हे त्याचे कामच. पण एकदा घर फुटल्यावर तो पोस्टमनवर, वाऱ्यावर आणि पानांच्या सळसळीवरही भुंकू लागतो, तसे काहीसे हे आहे. ज्या स्पर्शाला, वासाला किंवा गारव्याला एरवी उत्तर देण्याची गरज नाही त्यालाही नस उत्तर देते, आणि खोकला आणणाऱ्या गोष्टीचा अगदी अंशही तिला पुरतो. प्रयोगशाळेत हे मोजताही येते: मिरचीतले तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, अत्यंत सौम्य प्रमाणात हुंगवून किती मात्रेला खोकला येतो हे पाहतात आणि अशा रुग्णांना तो फार कमी मात्रेत येतो.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट झाली, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तीच आहे. खोकला इतरांना ऐकू येतो. खवखव फक्त आपल्याला कळते. घरातले, सहकारी, डॉक्टर, औषधांचे कारखाने, सगळे खोकल्याच्या आवाजाशी बोलत असतात. माझे खरे दुखणे आवाजाच्या आधीच्या दोन-तीन क्षणांत होते, त्या जागेवर सुरू होणाऱ्या आणि अनावर होत जाणाऱ्या इच्छेत. खोकला हा त्या इच्छेपुढे पत्करलेला पराभव होता, आणि पराभव पत्करल्यावरही सुटका नव्हती, कारण खोकल्याने स्वरयंत्र पुन्हा चोळले जाई आणि पुढच्या खवखवीची तयारी होई.

नसेवरची औषधे आधी पोटातून देऊन पाहतात. गॅबापेंटिन हे मुळात फेफऱ्याचे आणि नसांच्या वेदनांचे औषध. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या 62 रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याने हट्टी खोकला कमी होतो असे दिसले, पण औषध थांबवल्यावर फायदा टिकला नाही. अमिट्रिप्टिलीन, प्रेगाबालिन, अगदी अल्प मात्रेतले मॉर्फिन यांचाही उपयोग करतात. या सगळ्यांची किंमत साधारण एकाच नाण्यात द्यावी लागते: झोप, जडपणा, बोलता बोलता हरवणारा शब्द. खोकला कमी झाला आणि त्याबरोबर माझे शिकवणेही मंदावले, तेव्हा हा सौदा मला परवडणारा नव्हता. जुनाट खोकल्यासाठीचे गेफापिक्संट नावाचे औषध 2022 मध्ये जपानने आणि 2023 मध्ये युरोपने मान्य केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र ते नाकारले. पूर्ण मात्रेत ते घेणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांची चव बिघडते. खोकला आणि चव यांतून एकाची निवड करायला लावणारे औषध हा विज्ञानाचा विनोद म्हणावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

स्वरयंत्राच्या विकारांचा विशेष अभ्यास असलेल्या ज्या डॉक्टरांकडे मी शेवटी पोचले, त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून आधी स्वरयंत्र पाहिले. स्वरतंतू नीट हलत होते, गाठ नव्हती, सूज नव्हती. मग दुर्बीण बाजूला ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या आणि "खवखव कुठे सुरू होते ते बोटाने दाखवा," म्हणाल्या. हा प्रश्न इतका साधा होता की त्याचे उत्तर द्यायला मला क्षणभर वेळ लागला. मी बोट ठेवले. त्यांनी माझे बोट हलकेच बाजूला सारून तिथे आपले बोट टेकवले, आधी डाव्या बाजूला दाबले, काहीच झाले नाही. मग कंठमण्याच्या वर, किंचित उजवीकडे, जिथे कंठमण्याचे कूर्चेचे कवच आणि त्यावरचे घोड्याच्या नालाच्या आकाराचे हाड यांमध्ये एक मऊ पडदा आहे, तिथे दाबले. बोटाखाली बारीक कळ उठली, तीच ओळखीची खवखव उसळली, आणि मला ढास लागली.

ढास ओसरेपर्यंत त्या शांत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या इतक्या तपासण्या झाल्या, पण या जागेवर कोणी बोट ठेवले नव्हते ना?"

नव्हते. आणि त्या एका दाबाने मला जे मिळाले ते पुढच्या इंजेक्शनाइतकेच मोलाचे होते. कोणत्याही कागदावर न उमटलेले माझे दुखणे दुसऱ्या माणसाच्या बोटाखाली सापडले होते, हवे तेव्हा जागे करता येत होते, आणि त्याला डावी-उजवी बाजू होती. मनाच्या खोकल्याला उजवी बाजू कशाला असेल?

त्या मऊ पडद्याला छेदून जी नस आत शिरते ती व्हेगसचाच फाटा आहे: वरच्या स्वरयंत्रीय नसेची आतली शाखा. स्वरतंतूंच्या वरच्या भागातला सगळा स्पर्श, अन्नाचा चुकार कण, पाण्याचा थेंब, थंड हवेची झुळूक, यांची बातमी ती नेते. तिला बधिर करण्याची कला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, क्षयावर औषध नव्हते तेव्हा, स्वरयंत्राचा क्षय झालेल्यांना घास गिळताना असह्य वेदना होत आणि त्या थांबवण्यासाठी याच नसेत अल्कोहोल टोचत असत. भूलतज्ज्ञही, जागेपणी श्वासनलिकेत नळी घालावी लागते अशा रुग्णांमध्ये, ही नस तात्पुरती बधिर करत आले आहेत. जागा जुनी, सुई जुनी; तिथे भुलीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड सोडून हट्टी खोकला शमतो का हे पद्धतशीर पाहणे मात्र अलीकडचे आहे. अमेरिकेतल्या स्वरयंत्रतज्ज्ञांनी 18 रुग्णांचा अनुभव 2018 साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून या उपचाराची चर्चा वाढली.

इंजेक्शनाला शस्त्रक्रियागृह लागत नाही. दवाखान्यातल्या खुर्चीतच मला मागे रेलून मान ताणायला सांगितले, त्वचा पुसली, डॉक्टरांनी डाव्या हाताच्या बोटांनी हाड आणि कवच यांच्या कडा चाचपून मधली फट पक्की केली आणि बारीक सुई आत घातली. औषध सोडण्याआधी त्यांनी दट्ट्या किंचित मागे ओढला. याच नसेच्या सोबतीने एक धमनीही त्या पडद्यातून आत जाते, आणि सुई चुकून तिच्यात असेल तर रक्त दिसावे म्हणून. ते दिसले नाही. मग औषध आत गेले: जागेवर भूल देणारे द्रव्य आणि ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, सगळे मिळून छोट्या चमच्यात मावेल त्याहूनही कमी. टोचणे फार दुखले नाही. विचित्र वाटला तो दाब. द्रव पसरत गेला तशी माझी खवखव तिथल्या तिथे फुगत गेली, उजव्या कानात हलकी कळ आली, सुई मानेत असताना खोकायचे नाही या भीतीने मी खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि मग ती खवखव विरून गेली. कमी झाली असे नाही. ती जागाच नाहीशी झाल्यासारखी झाली.

गळ्याची एक बाजू नसल्यासारखी होणे सुखाचे नसते. थुंकी गिळताना घास अर्ध्यावर राहिल्यासारखा वाटतो आणि आवाज स्वतःच्याच कानाला जाड लागतो. बधिर गळ्याला पाणी वाट चुकून श्वासनलिकेत जाताना कळत नाही, म्हणून बधिरपणा उतरेपर्यंत खायचे-प्यायचे नाही असे बजावून मला काही वेळ तिथेच बसवून ठेवले. रक्त साकळणे, आवाज तात्पुरता बदलणे, क्वचित स्वरयंत्र आकसून श्वास अडकणे, हे धोके आधीच सांगितले होते, कागदावर सही घेतली होती, आणि दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत टोचण्याचा प्रश्न माझ्या बाबतीत नव्हता. स्टेरॉइड गळ्यात दिले तरी त्यातले थोडे रक्तात उतरते; मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस वाढू शकते. माझी साखर काठावरची आहे, त्यामुळे ही सूचना माझ्यासाठी केवळ कागदावरची नव्हती.

भूल काही तासांची असते. त्या रात्री खोकला परतला, आणि तो परतेल हे सांगून ठेवलेले असल्यामुळे मी घाबरले नाही. ट्रायमसिनोलोनचे सूक्ष्म कण त्या जागी हळूहळू विरघळतात आणि त्यांचा परिणाम दिसायला दिवस लागतात. परिणाम नेमका कसा होतो, याबद्दल तज्ज्ञांतही एकवाक्यता नाही: भुलीने नसेचे हे दुष्टचक्र काही काळ तोडले जाते आणि तेवढ्यात स्टेरॉइड तिची सूज व चिडचिड उतरवते, असे एक स्पष्टीकरण देतात. मनगटात दबलेल्या नसेसाठी किंवा डोक्याच्या मागच्या बाजूच्या नसेच्या वेदनेसाठी स्टेरॉइड टोचतात, त्यामागेही साधारण हाच विचार असतो.

त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात एक लांबलचक सिद्धता समजावून सांगताना खवखव आली. मी सवयीने फळ्याकडे वळले, म्हणजे मुलांकडे पाठ करून खोकता येईल. आणि खवखव गेली. खोकल्यात न बदलता, नुसती आली आणि गेली. खडू हातात धरून मी उभी होते आणि वाक्य जिथे थांबले होते तिथून पुढे कसे न्यायचे हे मला आठवेना, कारण कित्येक दिवसांत माझे वाक्य माझ्या मर्जीने थांबलेच नव्हते. पुढच्या दिवसांत हे वारंवार होऊ लागले. खोकला साफ थांबला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण खवखव आणि खोकला यांच्यामध्ये एक फट पडली आणि त्या फटीत काहीतरी करायला जागा मिळाली.

त्या जागेचा उपयोग काय करायचा, हे वाक्-उपचार, म्हणजे स्पीच थेरपी, शिकवतात. घोटभर पाणी गिळणे, ओठ आवळून हळू श्वास सोडणे, तोंडाऐवजी नाकाने श्वास घेणे, घसा खाकरण्याची सवय मोडणे, बोलताना गळ्यावर ताण न देणे: ऐकायला फुसके वाटतील असे हे उपाय आहेत. पण ऑस्ट्रेलियात 87 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे उपचार घेतलेल्यांपैकी 88 टक्के लोकांना फायदा झाला, तर नुसते आरोग्याचे सल्ले मिळालेल्यांपैकी 14 टक्के लोकांना. ही तंत्रे मी इंजेक्शनाआधीही शिकले होते. तेव्हा ती वापरायला सवडच मिळत नसे. खवखव जाणवेपर्यंत ढास लागलेली असे. आता सवड होती. इंजेक्शन आणि वाक्-उपचार यांपैकी कोणते चांगले, असा वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे असे मला वाटते: माझ्या गळ्यात तरी एकाने वेळ मिळवून दिला आणि दुसऱ्याने तो वापरला.

आता शंका, कारण ती माझ्या पेशातच आहे. इंजेक्शन घेतलेल्या अमेरिकेतल्या त्या 18 रुग्णांना खोकल्याच्या तीव्रतेची दहा प्रश्नांची प्रश्नावली दिली होती, जिचे गुण 0 ते 40 असतात. त्यांची सरासरी उपचाराआधी 27 च्या आसपास होती आणि नंतर 15 च्या खाली आली. हा फरक मोठा आहे. पण त्यात तुलनेसाठी खोटे इंजेक्शन दिलेला गट नव्हता, आणि खोकल्याच्या बाबतीत असा गट नसणे ही किरकोळ उणीव नव्हे. गेफापिक्संटच्या मोठ्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसती बनावट गोळी दिली होती त्यांचाही खोकला निम्म्याहून अधिक घटला होता. औषध त्याहून थोडेच पुढे गेले. कोणीतरी लक्षपूर्वक ऐकून घेते, मोजमाप करते, काहीतरी उपचार करते, एवढ्यानेही खोकला उतरतो. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे ऐन भरात असताना, आणि भरात आलेले दुखणे पुढे थोडे ओसरतेच. मग माझ्या गळ्यातल्या त्या फटीत सुईचा वाटा किती, बोटाचा किती आणि काळाचा किती?

हा हिशेब एका माणसाच्या बाबतीत मांडता येत नाही, आणि तो मांडून दाखवणाऱ्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवणार नाही. माझ्या डॉक्टरांनी तो मांडला नाही. फायदा झाला तर काही आठवडे ते काही महिने टिकेल, अनेकांना एकाहून अधिक इंजेक्शने लागतात, आणि काहींना काहीच फायदा होत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. दाबल्यावर कळ उठते, खवखव एका बाजूची आहे आणि भूल दिल्यावर ती तत्काळ विरते, ही लक्षणे आशादायक असल्याचेही त्यांनी सांगितले. त्याला खात्री म्हणू नये, हेही सांगितले. ज्यांचा अजून एक्स-रेही काढलेला नाही अशा ओळखीच्या लोकांनी माझे ऐकून थेट इंजेक्शनाची चौकशी सुरू केली, तेव्हा मी त्यांना आधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवले. नसेचा खोकला हे निदान बाकीची सगळी दारे ठोठावून झाल्यावरच करायचे असते. ते आधीच केले, तर एखाद्या गाठीचा किंवा क्षयाचा खोकला सुईखाली दडपला जाईल आणि त्याचा पत्ता लागायला उशीर होईल.

अलीकडे थंड हवेत खवखव पुन्हा जोर धरू लागली आहे. पूर्वीइतकी नाही, पण फट अरुंद होत चालल्याचे जाणवते. बोलताना मात्र अजून निभते. डॉक्टरांनी पुन्हा दाबून पाहिले. कळ उजवीकडेच आहे, फिकी झालेली. दुसरे इंजेक्शन घ्यायचे की वाक्-उपचारांच्या आणखी काही बैठकांनंतर पाहायचे, यावर आमचे बोलणे झाले आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आल्यावर ठरवायचे असे ठरले. रक्त देऊन आले आहे.